तोच सिनेमा पुन्हा पुन्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न घरोघरी विचारले जातात. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या हातात रिमोट नसतो आणि ज्याला विचारले जातात त्याच्या हातात असतो. उत्तरं रिमोटवाल्यांच्या बाजूने लिहिली आहेत, हे आधीच सांगितलेलं बरं.

एकच सिनेमा इतक्या वेळा बघून मिळतं तरी काय?

गोष्ट मिळत नाही, ती पहिल्याच खेपेला संपलेली असते. मिळते ती सोबत. आणि ही सोबत डोळ्यांपेक्षा कानांना जास्त होते, असं माझं पक्कं मत आहे. आत ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या माणसाला बाहेरच्या खोलीत सिनेमा कुठपर्यंत आलाय हे मान न वळवता कळतं. पुढचं वाक्य तिथूनच म्हटलं जातं, तेही त्याच चालीत. पहिल्यांदा आपण सिनेमा बघतो, पुढच्या प्रत्येक वेळी तो ऐकतो. म्हणून ज्या सिनेमाचं बोलणं पक्कं बांधलेलं असतं, तोच पुन्हा पुन्हा लागतो. नुसत्या देखण्या सिनेमाला हे भाग्य क्वचितच लाभतं.

‘शोले’ १९७५ साली आला, तेव्हा पॉलिडोर कंपनीने त्याच्या गाण्यांबरोबर चक्क संवादांच्या तबकड्या काढल्या आणि त्या धडाधड खपल्या. चित्र नाही, फक्त बोलणं. आपल्याकडे पु. लं.च्या कथाकथनाच्या कॅसेटी ज्या घरांत झिजल्या, तिथे हे वेगळं समजावून सांगायला नको. सगळी वाक्यं पाठ असतानाही हशा यायचा, आणि तो नेमक्या जागेच्या अर्धा क्षण आधीच यायचा.

मराठी घरांत सगळ्यात जास्त वेळा पाहिला गेलेला सिनेमा कोणता?

मोजदाद कोणी ठेवलेली नाही, पण या प्रश्नावर वाद घालायला कोणी उभंही राहत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, निर्माते किरण शांताराम, लेखक वसंत सबनीस, संगीत अरुण पौडवाल यांचं.

गोष्ट पुण्यातली आणि अडचण अगदी खरी: डोक्यावर छप्पर नाही. धनंजय माने (अशोक सराफ), त्याचा धाकटा भाऊ शंतनू (सिद्धार्थ रे) आणि दोन मित्र, सुधीर (सचिन) आणि परशुराम (लक्ष्मीकांत बेर्डे). घरमालकीण लीलाबाई काळभोर जागा देणार ती फक्त लग्न झालेल्या जोडप्यांना. मग सुधीरची सुधा होते आणि परश्याची पार्वती. ज्यांनी शहरात भाड्याची खोली शोधली आहे, त्यांना पुढचं सगळं लबाडीचं न वाटता रास्तच वाटतं. आजही ‘बॅचलर्सना जागा नाही’ हे वाक्य ऐकलेला पोरगा हा सिनेमा लावतो, तेव्हा ती त्याला जुन्या काळची गोष्ट वाटत नाही.

याची खरी ताकद लेखणीत आहे. वसंत सबनीस म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’चे लेखक. ज्या लोकनाट्याने दादा कोंडक्यांना हवालदार म्हणून घराघरांत नेलं, तेच. वगात बतावणीला बसलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वाक्य समोरच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं पाहिजे, आणि त्याचा ठोका चुकता कामा नये. ‘बनवाबनवी’तली वाक्यं तशी आहेत. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ यात छापून काढण्यासारखा विनोद काही नाही, एक साधी चौकशी आहे. ती ऐकल्यावर दार उघडणाऱ्याची जी तारांबळ उडते, त्यात सगळं आलं. घरमालक विश्वास सरपोतदारांनी (सुधीर जोशी) इस्रायलहून यायच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये वारतात, तोही निव्वळ शब्दांचा खेळ. कोणी घसरून पडत नाही, कोणाच्या तोंडावर केक आदळत नाही. त्यामुळे हा विनोद पाठ करता येतो, जेवताना म्हणता येतो आणि उधारी बुडवणाऱ्या मित्राला ऐकवताही येतो.

दुसरी गोष्ट नटांची. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी ही सगळी रंगभूमीवर तावूनसुलाखून निघालेली मंडळी. दुसऱ्याच्या वाक्यावर आपला चेहरा काय करत असतो, हे त्यांना ठाऊक. म्हणून दहाव्या खेपेला बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याकडे बघा. ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य निसटतं तेव्हा पदर सावरत उभ्या असलेल्या लक्ष्मीकांतकडे लक्ष ठेवा. त्या जागेला मी आजवर एकटा हसलेलो नाही.

हा सिनेमा हिंदीवरून घेतलेला आहे ना? मग त्याचं एवढं कौतुक कशाला?

घेतलेला आहे. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ साली आला होता, हेमंतकुमारांची निर्मिती आणि मेहमूद प्रमुख भूमिकेत. त्याचं मूळ पुन्हा बंगालीत. पुढे हीच गोष्ट तेलुगू, कन्नड, पंजाबी अशी फिरत राहिली.

पण सांगाडा उसना असला तरी बोलणं इथलं आहे, आणि लोक परत परत येतात ते बोलण्यासाठी. पुरुषाने लुगडं नेसून घरात धुमाकूळ घालायचा, ही मजा मराठी प्रेक्षकाला आधीच चांगली मुरलेली होती. अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ हे ‘चार्लीज आन्ट’ या इंग्रजी नाटकाचं रूपांतर. त्यातली मावशी विजय चव्हाणांनी गाजवली. त्याहून मागे जायचं तर बालगंधर्वांच्या नारायणी शालूची नक्कल करणाऱ्या बायकांची पिढी आपल्याकडे होऊन गेली. पार्वतीकडे बघताना हे सगळं पाठीशी असतं, पाहणाऱ्याला जाणवो न जाणवो.

महेश कोठारेंच्या ‘धूमधडाका’चीही (१९८५) हीच कथा. तमिळमध्ये ‘काद‌लिक्क नेरमिल्लै’ (१९६४), हिंदीत ‘प्यार किये जा’ (१९६६) आणि मग मराठीत. तरी ‘व्याख्या विख्खी वुख्खू’ हे तिसऱ्याच मुक्कामाचं पीक. ते कोणाकडून उसनं आणलेलं नाही.

शेवट माहीत असताना मजा कशी येते?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेव्हिट आणि ख्रिस्टनफेल्ड या दोघांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या. त्याच्याही आधी, १९६८ साली, रॉबर्ट झायोन्स यांनी दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते.

हे वाचून बरं वाटतं, पण मराठी माणसाला प्रयोगशाळेपर्यंत जायची गरज नव्हती. संगीत नाटकात पद रंगलं की प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडायचे आणि नट पुन्हा पहिल्यापासून गायचा. नायिकेवर कितीही संकट आलेलं असो, ते पद संपेपर्यंत थांबून राहायचं. कथा पुढे सरकली पाहिजे असा आग्रह धरणारा प्रेक्षक आपल्याकडे तसा नवाच. सौभद्रात सुभद्रेचं लग्न कोणाशी होणार, हे न कळल्यामुळे कोणी तिकीट काढलं असेल असं वाटत नाही.

म्हणजे जो पुन्हा पुन्हा बघतो तोच चांगला सिनेमा?

अजिबात नाही, आणि ही गल्लत फार जण करतात. ‘श्वास’ (२००४) हा राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट ठरलेला, ऑस्करला भारताकडून गेलेला सिनेमा. शस्त्रक्रियेआधी नातवाला जग दाखवायला बाहेर नेणारा आजोबा ज्याने एकदा पाहिला, तो तो विसरत नाही. आणि बहुतेक जण पुन्हा लावतही नाहीत. एकदाच पाहून आयुष्यभर पुरणारे सिनेमे वेगळे आणि दर पावसाळ्यात लागणारे वेगळे. दोघांची तुलना करून भांडू नये.

मधली एक जात मात्र आहे. जब्बार पटेलांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ गंभीर आहेत, तरी त्यांचे पारायण करणारे लोक मला माहीत आहेत. ‘सामना’त तेंडुलकरांचे संवाद आणि समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. पुन्हा बोलणंच आलं बघा. ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. प्रत्येक निवडणुकीनंतर तो कोणी ना कोणी लावतोच, आणि नवीन पुढाऱ्यांना जुन्या पात्रांची नावं वाटण्याचा खेळ रंगतो.

रडवणारे सिनेमे कोणी परत परत का बघतं?

ज्यांना निवांत रडायला घरात दुसरी सबब नसते, ते. ‘माहेरची साडी’ (१९९१) आला तेव्हा अलका कुबल पडद्यावर सोसत होत्या आणि खाली बायका पदराने डोळे पुसत होत्या. तालुक्याच्या गावी बैलगाड्या आणि ट्रॉल्या भरभरून बायका आल्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. गोष्ट मूळची राजस्थानी, ‘बाई चली सासरिये’ची. पण उषा नाडकर्णींची सासू पाहून प्रत्येक गावात ‘ही तर आमच्याच गल्लीतली’ असं म्हटलं गेलं.

शहरी समीक्षकांनी त्याला भरपूर नावं ठेवली. ठेवोत. तो सिनेमा मलाही बघवत नाही, सोसण्याचा इतका उदोउदो मला सहन होत नाही. पण तो पाहायला एकत्र निघालेल्या बायकांना त्या दिवशी घराबाहेर पडायला मिळालं, चार जणींबरोबर बसता आलं, हेही खरं. बत्तीस वर्षांनी, २०२३ साली, केदार शिंदेंच्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका नऊवारी नेसून, गट करून, दुसऱ्या-तिसऱ्यांदा गेल्या. त्या वेळी रडण्याबरोबर मंगळागौरीच्या फुगड्याही होत्या. एवढा फरक पडला.

लहान मुलं तोच भुताचा सिनेमा रोज का मागतात? आणि मग रात्री घाबरतात का?

भीतीची जागा माहीत झाली की भीती आपल्या ताब्यात येते, म्हणून मागतात. ‘झपाटलेला’ (१९९३) पाहून एक अख्खी पिढी बाहुल्यांकडे संशयाने बघत मोठी झाली. रामदास पाध्यांनी घडवलेला तात्या विंचू, त्यात शिरलेला गुंड म्हणजे दिलीप प्रभावळकर, आणि ‘ओम फट् स्वाहा’. पहिल्यांदा पोरं उशीखाली तोंड लपवतात. पाचव्यांदा तोच मंत्र धाकट्या बहिणीवर टाकतात. मूळ कल्पना परदेशी ‘चाइल्ड्स प्ले’ची, पण तिथल्या बाहुल्याला गावरान शिव्याशाप देता येत नाहीत.

रात्री घाबरतात का, तर हो. दिवा चालू ठेवा.

टीव्हीवाले सारखे तेच तेच का दाखवतात?

कारण आपण बघतो. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट हा आठवड्याचा ठरलेला कार्यक्रम झाला. त्या वेळी निवड आपली नव्हती; जो लागेल तो अख्खी चाळ बघायची, ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्या घरात. २००७ साली झी टॉकीज आलं आणि चोवीस तास मराठी सिनेमा सुरू झाला. दिवसाचे चोवीस तास भरायचे तर सिनेमे लागतात, आणि हक्क एकदा घेतले की तोच सिनेमा जितक्यांदा दाखवाल तितका तो स्वस्त पडतो. प्रेक्षकाला ओळखीचं हवं, वाहिनीला स्वस्त हवं. इथे दोघांचं जमतं.

हिंदीत याचं टोक म्हणजे ‘सूर्यवंशम’. १९९९ साली तो थिएटरात फार चालला नाही. सोनी मॅक्सने तो इतक्यांदा दाखवला की हीरा ठाकूर आणि भानुप्रताप हे आपल्याच भावकीतले वाटायला लागले. विषारी खीर म्हटलं की आता लग्नाच्या पंगतीतही माणसं हसतात.

टीव्ही नव्हता तेव्हा लोक एकच सिनेमा पुन्हा कसा बघायचे?

पैसे देऊन, किंवा पूजेला जाऊन.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईत एकाच थिएटरात वर्षाहून जास्त चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, पण खेड्यातून आलेल्या माणसाला व्हेनिसशी काय कर्तव्य? तो तुकोबांना भेटायला यायचा. विष्णुपंत पागनीस दिसले की लोक नमस्कार करत. अभंग आधीच पाठ होते, त्यामुळे पहिल्याच खेळाला तो दहाव्यांदा पाहिल्यासारखा वाटत असणार. देवळात जाताना ‘गेल्या आठवड्यातच तर दर्शन घेतलं’ असं कोणी म्हणत नाही.

जत्रांतून तंबूतले सिनेमे होते. गावोगाव फिरणारी टूरिंग टॉकीज यात्रेच्या दिवसांत मैदानात तंबू ठोकायची आणि रात्रभर एकामागून एक खेळ व्हायचे. पिटात मांडी घालून बसलेले प्रेक्षक खेळ संपला तरी उठायला मागत नसत.

आणि सत्यनारायण. मुंबईतल्या चाळींत पूजेच्या रात्री मधल्या चौकात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पुढची जागा भरली की उरलेले पडद्याच्या मागे बसायचे. तिकडून सगळं उलटं: नायक डावखुरा, पाट्या वाचता येत नाहीत, शर्टाचा खिसा भलत्याच बाजूला. पण ऐकू व्यवस्थित यायचं, त्यामुळे तक्रार कोणी केली नाही. तोच सिनेमा पुढच्या वर्षी मंडळाने पुन्हा आणला की मागे बसलेल्यांना तो नीट बघायची संधी मिळायची.

याच प्रेक्षकांवर दादा कोंडके उभे राहिले. त्यांच्या ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे एका ठिकाणी पंचवीस आठवडे. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. पंचवीस आठवडे नव्या माणसांवर निघत नाहीत. त्याच लोकांना पुन्हा यावं लागतं. पहिला ‘सोंगाड्या’ (१९७१) दादरच्या कोहिनूरमध्ये लागायला शिवसेनेची मदत लागली होती, हा किस्साही त्या सिनेमाइतक्याच वेळा सांगून झाला आहे.

मराठा मंदिरात खरंच रोज एकच सिनेमा लागतो?

‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला प्रदर्शित झाला आणि मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात तो वर्षानुवर्षं सकाळच्या खेळाला राहिला. २०१५ साली हजारहून अधिक आठवड्यांनंतर तो उतरवायचं ठरलं, तर लोकांनी इतका गलका केला की निर्णय फिरवावा लागला. टाळेबंदीत थिएटरच बंद, तेव्हा मात्र नाइलाज झाला.

त्याचं श्रेय सगळं प्रेमाला देऊ नका. थिएटर एसटी आगार आणि रेल्वे स्थानकाच्या जवळ आहे. गावाकडची गाडी दुपारची, सामान हातात, बाहेर ऊन, आत गारवा आणि तिकीट मल्टिप्लेक्सच्या मानाने अगदीच किरकोळ. असे कितीतरी प्रेक्षक त्या सिनेमाच्या भरवशावर तीन तास काढत आले. सिमरन गाडी पकडते तोवर ह्यांची गाडीही फलाटाला लागलेली असते.

एकाच सिनेमाने झपाटलेला सगळ्यांत नामांकित प्रेक्षक मात्र आपल्या पंढरपूरचा. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म तिथला. त्यांनी ‘हम आपके हैं कौन’ पुन्हा पुन्हा पाहिला, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून माधुरी दीक्षितला घेऊन २००० साली ‘गजगामिनी’ स्वतःच काढला. इतरांनी असं करू नये, परवडत नाही.

‘सैराट’ पुन्हा बघताना बरेच जण मध्येच का बंद करतात?

कारण सगळ्यांना शेवट माहीत आहे, आणि या एका सिनेमाला वर दिलेलं उत्तर लागू पडत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये तो लागला तेव्हा लोक गाण्यांवर पडद्यापुढे जाऊन नाचले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेले ते अजय-अतुलच्या गाण्यांसाठी, विहिरीतल्या उड्यांसाठी आणि आर्चीच्या बुलेटसाठी. घरी मात्र हैदराबादचा भाग सुरू झाला की कोणीतरी चहा टाकायला उठतो आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात जातो. नागराज मंजुळेंनी शेवटी सगळे आवाज बंद केले. ऐकायला काहीच ठेवलं नाही. पुन्हा पुन्हा बघणाऱ्यांची सवय त्यांनी नेमकी ओळखली होती की काय, असं कधी कधी वाटतं. अर्ध्यावर बंद करणं हा पळपुटेपणा आहे का? आहे. पण शेवटपर्यंत बघायची हिंमत एकदा केली असेल तर पुढच्या वेळी माफी असावी.

जुने सिनेमे थिएटरात परत लागतायत, जावं का?

जावं. ‘तुंबाड’ २०१८ साली आला तेव्हा थोड्यांनीच पाहिला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. तो पावसाचा सिनेमा आहे आणि मोबाईलवर त्यातला अंधार नुसता काळा दिसतो. विनोदी सिनेमांचंही तसंच. चारशे लोकांचा हशा घरी मिळत नाही. मात्र पुढचं वाक्य आधीच ओरडणारे वीस-पंचवीस जण तिथे असणार, त्याची तयारी ठेवा.

घरात एक जण प्रत्येक संवाद आधीच म्हणतो. काय करावं?

तो काका असेल तर काही करता येणार नाही. भाचा असेल तर त्याला पात्र वाटून द्या: ‘तू फक्त सरपोतदारांचं म्हण.’ पाच-सहा जण असाल तर सगळ्यांनाच वाटून द्या आणि आवाज बंद करून एक प्रसंग लावून बघा. अशोक सराफांचं एकेक वाक्य म्हणायला किती अवघड आहे हे तेव्हा कळतं. कारण शब्द सोपे असतात, थांबायचं कुठे हे येत नाही.

दहा वेळा पाहिलेल्या सिनेमात नवीन काय बघायचं?

‘बनवाबनवी’पुरतं सांगतो. पडद्यावरच्या जोड्या आणि प्रत्यक्षातल्या जोड्या ताडून बघा: सचिनसमोर सुप्रिया आणि लक्ष्मीकांतसमोर प्रिया बरोबर जमतात, पण निवेदिता जोशी सिद्धार्थ रे यांच्या वाट्याला आणि अशोक सराफ अश्विनी भावेंच्या दुकानात नोकरीला. सिद्धार्थ हे व्ही. शांतारामांचे नातू. २००४ सालात ते आणि लक्ष्मीकांत दोघंही गेले, पुढच्या वर्षी सुधीर जोशी. तरी हसताना हे आठवत नाही, आणि आठवलं तरी हसू थांबत नाही.

गाण्यांकडे वेगळं लक्ष द्या. ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे सिनेमात पार्वतीच्या खोट्या डोहाळजेवणाचं गाणं. आज ते खऱ्या डोहाळजेवणात सर्रास लावतात. पोट बांधून बसलेल्या लक्ष्मीकांतसाठी केलेल्या गाण्यावर खऱ्या गर्भारशीची ओटी भरली जाते, आणि यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मलाही नाही.

जुन्या विनोदांतलं काही आता खटकतं. मग बंद करावं का?

खटकायला हवंच. त्या काळातल्या विनोदात बायकांच्या दिसण्यावर, जाडीवर, रंगावर सहज शेरे आहेत. दादांच्या द्व्यर्थी संवादांची तर गोष्टच सोडा, सेन्सॉरनेही त्यापुढे हात टेकले होते. ज्या जागी पूर्वी हसत होतो तिथे आता हसू आलं नाही, तर जबरदस्तीने हसू नये. शेजारी बसलेली सोळा वर्षांची मुलगी ‘यात हसण्यासारखं काय होतं?’ असं विचारते तेव्हा ‘तुला नाही कळायचं’ म्हणून तिला गप्प करू नये. तिला कळलेलं असतं. थांबवा, बोला, पुन्हा सुरू करा.

परदेशात वाढलेल्या मुलांना कोणत्या सिनेमापासून सुरुवात करून द्यावी?

संवादांवर उभ्या असलेल्या सिनेमापासून नको, मराठी कच्चं असेल तर सगळं डोक्यावरून जाईल आणि तुम्ही प्रत्येक वाक्य समजावत बसाल. ‘झपाटलेला’ चालतो, बाहुला सगळीकडे कळतो. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) चालतो, कारण गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, त्यातला कंडक्टर आणि नमुनेदार प्रवासी हे पाहून समजतं. कोकणातल्या रस्त्याला पुढच्या सुट्टीत ती मुलं स्वतःच ओळखतील. ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) गाणाऱ्या मुलांना द्या. ‘बनवाबनवी’ला मग वेळ येते, बहुतेक तेव्हा, जेव्हा मुलाला परक्या शहरात स्वतःसाठी खोली शोधावी लागते.

जुन्या सिनेमांच्या चांगल्या प्रती कुठे मिळतात? मंडळात दाखवायला परवानगी लागते का?

वाहिन्या आणि निर्मात्यांची अधिकृत यूट्यूब खाती यांवर बरंच काही आहे. प्रत कधी स्वच्छ, कधी पिवळी पडलेली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जुन्या फिल्म जपतं आहे. तरी सुरुवातीच्या काळातलं फार थोडं हाती उरलंय.

आपल्या कायद्यात सिनेमाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. म्हणजे १९५३ चा ‘श्यामची आई’ त्यातून मोकळा झाला, ऐंशीच्या दशकातले विनोदी सिनेमे मात्र अजून बरीच वर्षं नाहीत. सोसायटीच्या गणपतीत पडदा लावणार असाल तर हक्क कोणाकडे आहेत ते शोधून विचारून घ्या. कार्यकारिणीतला एक जण ‘कोण बघायला येतंय’ असं म्हणेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नका.

चॅनल बदलताना मध्येच लागला, तर तिथूनच बघावा की पहिल्यापासून लावावा?

तिथूनच. मोबाईलवर पहिल्यापासून लावता येतो हे खरं, पण मग तुम्ही एकटेच बसता आणि वीस मिनिटांत दुसरं काहीतरी उघडता. टीव्हीवर मध्येच लागलेल्या सिनेमाला आतून ‘कुठपर्यंत आलाय?’ असं विचारलं जातं, कोणीतरी ‘आत्ताच साडी नेसलाय’ असं सांगतं, आणि हात पुसत माणसं येऊन बसतात. जाहिरात लागली की भाजी चिरून घ्यावी.